बेल्ट बांधायचा कसा: दोन वेढे आणि एक सपाट गाठ

कराटे-ज्युदोच्या सरावात बेल्ट सारखा सुटत असेल, तर तो जोरात आवळून उपयोग नाही. कितीही ओढला तरी पंधरा-वीस मिनिटांत तो पुन्हा पायात येणार, कारण चूक बहुतेक वेळा ताकदीत नसते, गाठीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात असते. पहिली अर्धी गाठ सगळ्यांनाच जमते. दुसरी मारताना टोकं उलटी फिरतात आणि जी गाठ आडवी, सपाट बसायला हवी ती तिरकी उभी राहते. कराटे, ज्युदो, तायक्वांदो, ब्राझिलियन जिउ-जित्सू या सगळ्यांत बेल्टचे रंग वेगळे, नियम वेगळे, पण गाठ हीच आहे. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा तिलाच दिली आहे.

आधी लांबी बघा

आखूड बेल्टला कोणतीही पद्धत चालत नाही, आणि फार लांब असेल तर टोकं गुडघ्यांवर आपटत राहतात. गी, म्हणजे सरावाचा जॅकेट-पँटचा पोशाख, अंगात घाला आणि बेल्ट जिथे बसणार तिथला, म्हणजे नितंबाच्या हाडांवरचा घेर जॅकेटवरूनच मोजा. पँटच्या मापावर जाऊ नका. त्या घेराची दुप्पट करा, गाठीसाठी साधारण 25 सेंमी धरा आणि दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या टोकांसाठी मिळून 50 सेंमी. घेर 80 सेंमी आला तर 160 अधिक 25 अधिक 50, म्हणजे 235 सेंमीच्या आसपास. नेमकं हेच माप तयार मिळेल असं नाही. मग थोडा मोठा घ्यावा, लहान घेऊ नये. बेल्टवर छापलेला साइज नंबर सगळ्या कंपन्यांचा एकसारखा नसतो, त्यामुळे सेंटिमीटर विचारून घेणं बरं.

कापडाचाही फरक पडतो. सुती कापडाचा, लांबीच्या दिशेने शिलाईच्या अनेक ओळी मारलेला बेल्ट गाठ धरून ठेवतो. साटीनचा बेल्ट दिसायला झकास, पण गुळगुळीत असल्यामुळे गाठ त्यात सरकते. रोजच्या सरावाला सुतीच हवा.

जॅकेट नीट बसलं तरच बेल्ट बसतो

पुढून उघडणाऱ्या जॅकेटचा उजवा पल्ला आत आणि डावा पल्ला वर. पुरुष असो वा स्त्री, नियम एकच. जपानी पोशाखात उजवा पल्ला वर घेतात तो मृताला कपडे नेसवताना, म्हणून पल्ला उलटा आला की जुने प्रशिक्षक लगेच टोकतात. आतल्या बाजूला नाड्या असतील तर त्या बांधून टाका. पाठीमागे हात नेऊन जॅकेट एकदा खाली ओढा, म्हणजे कमरेत चोळामोळा होणार नाही. तायक्वांदोच्या व्ही गळ्याच्या, डोक्यावरून घालायच्या जॅकेटला पल्ल्यांचा प्रश्नच नाही.

बेल्टची जागा बेंबीच्या खाली, नितंबाच्या हाडांवर. पोटावर उंच बांधला तर वाकताना श्वास अडतो आणि थोड्या हालचालीने बेल्ट आपोआप खाली सरकून सैल होतो. पोट सुटलेलं असेल तर बेल्ट पोटाच्या खालून गेला पाहिजे, वरून नाही.

नेहमीची पद्धत, पायरीपायरीने

हे वाचताना बेल्ट हातात घ्या. आणि आरशात बघू नका, मान खाली घालून सरळ बेल्टकडे बघा. आरशात डावं-उजवं उलटतं आणि नवशिक्याचा निम्मा गोंधळ तिथेच होतो. समोर उभं राहून कोणी शिकवत असेल किंवा तुम्ही व्हिडिओ बघत असाल तरी हीच अडचण येते.

1. बेल्टची दोन्ही टोकं जुळवून मधोमध घडी करा. तो मध्य बेंबीच्या खाली, बरोबर मधे टेकवा. दोन्ही हातांत आता सारखी लांबी आहे.

2. दोन्ही टोकं कमरेवरून मागे न्या. पाठीमागे हातांची अदलाबदल करा: डाव्या हातातलं टोक उजव्या हातात, उजव्यातलं डाव्यात. पहिला पदर पाठीवर सपाट बसवा आणि दुसरा बरोबर त्याच्यावर. पीळ पडला तर इथेच सोडवा. पुढे आल्यावर तो सुटत नाही, नुसता पाठीत रुततो.

3. टोकं पुढे आणा. पोटावर आधीपासून एक पदर आहे, त्याच्यावर ही दोन टोकं दोन बाजूंनी येतात. दोन्ही समोर लांबवून बघा, मोठं-लहान झालं असेल तर बेल्ट कमरेवर फिरवून सारखं करा. गाठ मारल्यावर हे करता येत नाही, म्हणून इथे दहा सेकंद जास्त गेले तरी चालेल.

4. डाव्या बाजूचं टोक उजव्या बाजूच्या टोकावरून न्या. म्हणजे डावीकडून आलेलं टोक आता उजवीकडे बघतंय आणि वर आहे, उजवीकडून आलेलं डावीकडे बघतंय आणि त्याच्या खाली आहे. वर असलेल्या या टोकाला आपण लेखभर ‘वरचं टोक’ म्हणू.

5. वरचं टोक खालच्या बाजूने आत घाला आणि सगळ्या पदरांच्या मागून वर काढा. सगळ्या म्हणजे पोटावरचा पहिला पदरसुद्धा. बोटं अंगाला घासून गेली पाहिजेत. फक्त बाहेरच्या पदराखालून टोक काढलं तर आतला वेढा मोकळा राहतो, आणि दोन वेढे वर-खाली होऊन वेगळे दिसायला लागतात.

6. श्वास सोडा आणि दोन्ही टोकं ताणा, वरचं वरच्या दिशेने आणि दुसरं खाली डावीकडे. पहिली अर्धी गाठ झाली. कमरेवर बेल्ट किती घट्ट राहणार ते याच क्षणी ठरतं, पुढची गाठ फक्त तो ताण धरून ठेवते.

आता दुसरी अर्धी गाठ, म्हणजे जिथे घोळ होतो ती जागा.

7. डावीकडे बघणारं खालचं टोक परत उजवीकडे वळवा आणि गाठीसमोरून आडवं ठेवा. असं केलं की डाव्या बाजूला एक छोटा फास तयार होतो. फास सुटू नये म्हणून डाव्या अंगठ्याने दाबून धरा.

8. वरचं टोक खाली आणा, आडव्या ठेवलेल्या टोकाच्या पुढून. लक्षात घ्या, जे टोक पहिल्यांदा वर होतं तेच आत्ताही वरून चाललंय.

9. तेच टोक आडव्या टोकाच्या मागे न्या आणि फासातून डावीकडे बाहेर काढा. गाठ आणि आडवं टोक यांच्या मधल्या फटीतून ते जातं.

10. दोन्ही टोकं दोन्ही बाजूंना आडवी ओढा. खाली ओढू नका, सरळ बाजूंना. गाठ आक्रसून चपटी होईल आणि मधे एक छोटी, तिरकस बाजूंची पुडी दिसेल.

सगळं पाठ करण्यासारखं नाही, पण एक नियम पाठ ठेवा: पहिल्यांदा जे टोक वर होतं तेच दुसऱ्यांदाही वर. तुम्ही सुरुवातीला उजवं टोक डाव्यावरून नेलंत तरी बिघडत नाही. सगळं उलट्या हाताने होईल, पण तेच टोक पुन्हा वरून गेलं की गाठ तितकीच पक्की. काही क्लबांत डावं वर की उजवं वर याबद्दल आग्रह असतो, तो पाळावा. पण गाठीच्या मजबुतीशी त्याचा संबंध नाही.

बरोबर आली की नाही, कसं ओळखायचं

टोकांची दिशा बघा. बरोबर गाठीत प्रत्येक टोक आपल्याच बाजूला परत जातं. डावीकडून आलेलं डावीकडे, उजवीकडून आलेलं उजवीकडे. दोन्ही टोकं गाठीतून आडवी निघतात आणि मग स्वतःच्या वजनाने खाली झुकतात. एक टोक वर आणि एक खाली तोंड करून उभं राहिलं, तर ती ग्रॅनी नॉट झाली. दुसऱ्या वेळी टोकं अदलाबदल झाली असा त्याचा अर्थ. ती कितीही आवळली तरी सरकणार. अशा वेळी सगळा बेल्ट सोडायची गरज नसते. सहाव्या पायरीपर्यंत उसवा आणि तिथून पुन्हा मारा.

बुटाच्या नाडीचंही असंच असतं. ज्यांची बो बुटावर आडवी न बसता उभी राहते त्यांची नाडी दिवसभर सुटत असते, आणि अशी मंडळी बेल्टलाही नेमकी तीच चूक करतात. हाताला वर्षानुवर्षांचं वळण पडलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस घाई न करता, प्रत्येक वेळी ‘वरचं कुठलं’ हे बघूनच गाठ मारावी लागते.

आणखी एक तपासणी, झटपट: दोन बोटं बेल्टखाली जरा कष्टाने गेली तर ताण योग्य. अख्खा तळवा जात असेल तर सैल. बोटच जात नसेल तर पहिल्याच व्यायामाला तुम्ही गाठ चाचपायला लागाल.

पाठीवर फुली नको असेल तर

वरच्या पद्धतीत पाठीमागे दोन पदर एकमेकांना ओलांडतात आणि तिथे किंचित फुली दिसते. एकावर एक नीट बसवले तर ती लपते, पण पाठीवर लोळावं लागतं त्या प्रकारांत, विशेषतः जिउ-जित्सूत, ती जाड जागा टोचते. म्हणून बरेच जण एका टोकापासून वेढे घेतात.

एक टोक धरा आणि गाठीसाठी व लोंबण्यासाठी साधारण 35 ते 40 सेंमी सोडा. तो बिंदू पोटाच्या मधोमध डाव्या हाताने दाबा आणि सोडलेला तुकडा खाली, थोडा डावीकडे लोंबू द्या. उरलेला लांब बेल्ट उजव्या बाजूने पाठीमागे, डावीकडून पुन्हा पुढे, असा फिरवा. पुढे आल्यावर तो लोंबणाऱ्या तुकड्याच्या वरून जातो. दुसरा वेढा बरोबर पहिल्यावर बसवा. दुसऱ्यांदा पुढे आलेलं लांब टोक हेच आता वरचं टोक. ते लोंबत्या तुकड्याला ओलांडून, सगळ्या पदरांखालून वर काढा आणि पुढे सातव्या पायरीपासून जसंच्या तसं.

पाठ अगदी सपाट राहते. तोटा एवढाच की दोन टोकं सारखी येतील याची खात्री नसते, कारण सुरुवातीला सोडलेली लांबी अंदाजाने घेतलेली असते. एकदा बरोबर जमली की बेल्टवरचं कंपनीचं लेबल किंवा शिलाईची एखादी खूण कुठे आली ते बघून ठेवा. पुढच्या वेळी ती खूण त्याच जागी धरली की झालं. मला स्वतःला ही पद्धत जास्त आवडते. पण पहिल्या महिन्यातल्या माणसाने आधी फुलीची पद्धत पक्की करावी, एका वेळी एकच कोडं सोडवावं.

तायक्वांदोच्या आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) परंपरेत बेल्टचा एकच वेढा घेतात. तिथे मध्य पाठीवर धरून दोन्ही टोकं पुढे आणली की थेट चौथी पायरी, फक्त पदर एक कमी. दोन वेढ्यांसाठी घेतलेला बेल्ट तिथे फार लांब पडतो हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवा.

स्पर्धेत माप लागतं

आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या नियमांत बेल्ट 4 ते 5 सेंमी रुंद, दोन वेढे पुरतील इतका लांब, सपाट गाठीने बांधलेला आणि गाठीपासून दोन्ही टोकं 20 ते 30 सेंमी लोंबतील असा हवा. जागतिक कराटे महासंघ साधारण 5 सेंमी रुंदी सांगतो. टोकं गाठीपासून किमान 15 सेंमी मोकळी हवीत, पण मांडीच्या पाऊण लांबीच्या खाली जाता कामा नयेत. कराटेच्या कुमितेत, म्हणजे लढतीत, तुमच्या श्रेणीचा रंग बाजूला राहतो, एकाला लाल आणि एकाला निळा बेल्ट मिळतो. तो अनोळखी, कधीकधी कोरा करकरीत असतो. मॅटवर जायच्या आधी एकदा बांधून सोडून बघा.

ज्युदोत पंचांच्या परवानगीशिवाय बेल्ट सोडणं-बांधणं किंवा दम खायला मुद्दाम पोशाख विस्कटणं यावर दंड होतो. म्हणून पंचांनी बांधायला सांगितल्यावर हात झरझर चालले पाहिजेत. घरी डोळे मिटून बांधायचा सराव करा, ऐन वेळी तोच कामी येतो.

बेल्टवर नाव भरतकाम केलेलं असेल, किंवा जिउ-जित्सूसारखी एका टोकाला वेगळ्या रंगाची पट्टी आणि त्यावर स्ट्राइप (प्रगती दाखवणाऱ्या बारीक पट्ट्या) असतील, तर कुठलं टोक कोणत्या बाजूला यावं हे क्लबागणिक बदलतं. प्रशिक्षकांना विचारा आणि पहिल्या पायरीतच त्याप्रमाणे टोकं हातात घ्या.

तरीही सुटतो?

गाठ सपाट आहे, टोकं आडवी आहेत, आणि तरी सुटतोय. मग बहुधा बेल्ट नवा आहे. कोरा बेल्ट पुठ्ठ्यासारखा असतो आणि गाठीत वळत नाही. तो घट्ट गुंडाळा, उलगडा, उलट्या बाजूने गुंडाळा. दोन्ही हातांनी पिळा. टेबलाच्या कडेवरून पुढे-मागे ओढा. टीव्ही बघता बघता चार संध्याकाळी हे केलं की फरक कळतो. काही जण थंड पाण्यात भिजवून सावलीत वाळवतात, त्यानेही कापडातली खळ निघते. गरम पाणी मात्र नको, सुती बेल्ट आटतो.

दुसरं कारण म्हणजे श्वास. पोट आत घेऊन, छाती फुगवून बांधला तर पोट सोडल्यावर बेल्ट अतिघट्ट होतो. पोट फुगवून बांधला तर नंतर सैल पडतो. श्वास सहज सोडून बांधा.

तिसरं कारण तुमच्या हातात नाही: समोरच्याने एक टोक धरून ओढलं. या गाठीची ही एक कमजोरीच आहे. दोन्ही बाजूंनी ताण असेल तोवर ती आवळत जाते, पण एकच टोक विरुद्ध दिशेला झटक्याने ओढलं की ते टोक सरळ होतं आणि दुसरं त्याच्यावरून घसरतं. पकडापकडीच्या प्रकारांत असं होणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. थांबायची परवानगी मिळाली की पुन्हा बांधा. बहुतेक क्लबांत प्रशिक्षकांकडे पाठ करून, बाजूला वळून किंवा गुडघ्यावर बसून बेल्ट बांधायची रीत आहे.

लहान मुलांचा बेल्ट

मुलाच्या समोर बसून बांधायला गेलात तर तुमचं डावं त्याचं उजवं होतं आणि जॅकेटचा पल्लाही उलटा पडतो. त्याच्या मागे गुडघ्यावर बसा आणि दोन्ही बाजूंनी हात पुढे घेऊन बांधा. तुमचे हात त्याच्या हातांच्या जागी असतात, त्यामुळे क्रम तोच राहतो, शिवाय त्याला खाली बघून सगळं दिसतं. शिकवताना शेवटापासून सुरुवात करा: आधी नऊ पायऱ्या तुम्ही करा आणि दहावी त्याला करू द्या. ती जमली की नववीही त्याची. दोन टोकांना दोन रंगांच्या कपड्यांचे चिमटे लावले तर ‘लाल वर, पुन्हा लाल वर’ इतकं सांगून भागतं.

धुवावा का?

बेल्ट धुतला की मेहनत धुऊन जाते, असं अजूनही ऐकू येतं. त्याला जोडून दुसरी गोष्टही सांगतात, की पूर्वी एकच पांढरा बेल्ट वर्षानुवर्षं मळत मळत काळा व्हायचा. इतिहास तसा नाही. काळा बेल्ट ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी 1880 च्या दशकात वरच्या श्रेणीच्या विद्यार्थ्यांची ओळख म्हणून सुरू केला, मधले रंग नंतर युरोपात रुळले. कराटेत गिचिन फुनाकोशी यांनी ज्युदोकडूनच ही पद्धत घेतली आणि 1924 मध्ये पहिले काळे बेल्ट दिले. मळण्याचा यात कुठे संबंध नाही. मॅटवर लोळवलेल्या, घामाने भिजलेल्या बेल्टमधून नायटा पसरू शकतो, तेव्हा जमिनीवरच्या झटापटीचा प्रकार असेल तर गीबरोबर बेल्टही धुवाच. रंगीत बेल्ट पहिल्या काही वेळा वेगळा धुवा, नाहीतर पांढरी गी गुलाबी होईल. सरावानंतर ओला बेल्ट बॅगेत कोंबण्यापेक्षा पंख्याखाली टांगलेला बरा.

राहिलं सोडणं. घामाने भिजलेली गाठ कधीकधी निरगाठीसारखी बसते आणि लोक नखांनी ओरबाडत बसतात. मघाची कमजोरी इथे वापरा. डावीकडचं टोक धरा आणि गाठीवरून सरळ उजवीकडे, जोरात ओढा. ते टोक ताठ होईल आणि दुसरं टोक त्याच्याभोवती नुसतं गुंडाळलेलं राहील. तो गुंडाळा चिमटीत धरून ताठ टोकावरून सरकवून बाहेर काढा. एका हिसक्यात नाही आलं तर उजव्या टोकाने हेच उलट करून बघा.